नाझनीनच्या हातातली किटली
मी मिरजगावच्या बानूआपांची चहाची किटली. ॲल्युमिनियमची, पोटाला पोचा पडलेली, पण तोटी अजून शाबूत. नगरच्या बाजारातून त्यांनी मला आणलं. भाग्य माझं, की मी त्यांच्या लेकीच्या, नाझनीनच्या हातात पडले.

नाझनीन पंचविशीची. डॉक्टर तिला स्वमग्न म्हणतात. ती कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. चहा ओतताना माझ्या तोटीकडे बघते, म्हणून बशीत थेंब सांडत नाही.

आता तुम्हा माणसांची एक तऱ्हा सांगते, रागावू नका. चहा हवा असला की तुम्ही आधी ‘नको’ म्हणता. मग घरच्यांनी आग्रह करायचा, तुम्ही आढेवेढे घ्यायचे, तोवर मी बिचारी गार! नाझनीनला हा खेळ कळत नाही. तिच्या लेखी नको म्हणजे नको.

तिच्या भावाचं, फैयाजचं स्थळ बघायला श्रीगोंद्याहून नूरमहंमदचाचा आले. मुलीचे वडील ते, रिवाजाप्रमाणे चहाला ‘नको नको’ म्हणाले. नाझनीन मला घेऊन सरळ आत आली. पाहुणे कोरड्या घशानं परतले.

बानूआपांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. “यापुढं पाहुण्यांसमोर यायचं नाही. आतच बसायचं.”

“ते नको म्हणाले, अम्मी. माझं काय चुकलं?”

बानूआपांनी मला तिच्या हातातून काढून घेतलं. मी फळीवर गेले, ती मोरीपाशी बसून राहिली. माझा जीव तुटत होता.

मग एकदा शेजारच्या मुक्ताबाई आल्या. त्या नको नको म्हणत असताना बानूआपांनी त्यांच्यापुढं कप सरकवला. मुक्ताबाईंनी तो परत सरकवला.

“बानू, मला शुगर हाय. ज्याच्या दारात जावं त्यो बळंच पाजतो. मागं एकट्या नाझनीननं माझं ऐकलं, पानी आनून दिलं. तिला आत कोंडनार आसशील तर मी कशाला येऊ?”

बानूआपांनी तो कप उचलून बाजूला ठेवला. मग उठून त्यांनीच मला लेकीच्या हातात दिलं.

नूरमहंमदचाचा सोयरीक पक्की करायला पुन्हा आले, तेव्हा नाझनीन पुढं झाली. “चहा पाहिजे का नको? पाहिजे असला तर पाहिजे म्हणा.”

चाचा गडबडले. दाढीवरून हात फिरवत म्हणाले, “पाहिजे, बेटा. त्या दिवशीपण पाहिजे होता.”

बैठकीत हशा पिकला. नाझनीननं मात्र न हसता कप काठोकाठ भरला. काय सांगू, त्या घटकेला मला तिचा फार अभिमान वाटला.

आता मी रोज तिच्याच हातात असते. कधी मिरजगावला आलात तर जरूर या. फक्त मनातलं तोंडानं सांगा. आमची नाझनीन तुमच्या शब्दावर विश्वास ठेवते.