फितीतलं लोखंड

साखरा गावात मुंजाजीच्या घरी दिवेलागण झाली की चंद्रभागाबाई गाऊ लागे. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण कॅसेटमध्ये अजून जात्यावर बसून ओव्या म्हणत होती. शेळ्या बांधल्या की मुंजाजी फडक्यातला टेपरेकॉर्डर काढी आणि डोळे मिटून ऐकत बसे. ओव्या संपल्या की लगेच टेप बंद करी आणि फीत सुरुवातीपर्यंत मागे फिरवून ठेवी. ओव्यांच्या पुढे फितीत बायकोनं आपल्याला झापलंय, एवढं त्याला पक्कं आठवत होतं. मेलेल्या बायकोकडूनही बोलणी खायची हौस कुणाला असते?

मुलगा-सून मेंढरं घेऊन लांब गेले होते. घरात तो आणि पाचवीतली नात दिपाली. भाकऱ्या मुंजाजीच थापी, आणि त्या गोल झाल्या असं म्हणायला फार मोठं मन लागे.

त्या आठवड्यात शाळेच्या मीनाबाईंनी पोरांना ओढ्यावर नेलं. मोडक्या कर्ण्यांतले चुंबक दोरीला बांधून वाळूतून ओढायला लावले. चुंबकांना काळ्या कणांच्या मिशा फुटल्या आणि पोरं नाचायला लागली. "आपला काळा दगड झिजून ही वाळू झाली. हे काळे कण म्हणजे त्यातलं लोखंडाचं खनिज," बाई म्हणाल्या. पांढऱ्या गारगोटीला चुंबकानं विचारलंही नाही. मग वर्गात त्यांनी चुंबक आणि टाचणीच्या मध्ये एकेक कागद वाढवत नेला. थर वाढले तशी पकड सैल झाली आणि टाचणी खाली पडली. जाता जाता बाई बोलून गेल्या, की कॅसेटच्या फितीवरची तपकिरी भुकटीही लोखंडाचीच, आवाज तिच्यातच राहतो.

आजीचा आवाज लोखंडात! दिपाली चुंबक घेऊन धावतच घरी आली.

"आबा, लावून बघू?"

"लाव की. कशालाबी लाव."

विळा झाला, कुलूप झालं, पाण्याची बादली झाली. आबा शेळ्यांकडे गेल्यावर तिनं कॅसेट घेतली आणि खालच्या कडेला उघडी दिसणाऱ्या फितीवर चुंबक मन लावून घासला. काहीच चिकटलं नाही. हिरमुसून तिनं कॅसेट जागेवर ठेवली.

संध्याकाळी टेपमधून नुसती खरखर आली. मुंजाजीनं फुंकर मारली, थापटून पाहिलं. दिपालीचा चेहरा उतरला.

"आबा, म्या चुंबक लावला."

त्यानं हात उगारला नाही. "कशालाबी लाव म्हणलो ना म्या," एवढंच बोलला आणि भिंतीकडे तोंड करून पडला. चंद्रभागा दुसऱ्यांदा गेली होती, आणि या खेपेला बाहेरची वाट त्यानंच दाखवली होती. तो जेवला नाही. दुसऱ्या दिवशीही भाकर झाकून तशीच राहिली.

पुसलेला आवाज परत येत नाही, असं शाळेत मीनाबाईंनी हळहळून सांगितलं. शाळा सुटता सुटता दिपालीला कागदांच्या थरांमागची ती टाचणी आठवली आणि ती घरी धावली.

"आबा, फीत गुंडाळलेली हाय. थरावर थर. आतले, शेवटचे थर वाचले असतील."

"काहून जीव जाळून राहिली, लेकरा?"

तिनं बटण दाबलंच. खरखर सुरू झाली. मुंजाजी नको नको म्हणत ऐकत राहिला. कुठे कोणती ओवी आली असती, ती कुठे दम घ्यायला थांबली असती, हे त्याला खरखरीतही कळत होतं. ओव्या संपायची जागा आली तसा त्याचा हात सवयीनं बटणाकडे गेला. दिपालीनं तो धरून ठेवला.

आणि खरखरीतून चंद्रभागाबाई बोलली.

"झालं का तुमचं? ठेवा ते डबडं बाजूला. भाकर निवून राहिली. कवाची वाट बघून राहिले मी. या बरं आता."

"आलो, आलो," मुंजाजी म्हणाला. म्हणून झाल्यावर त्याला कळलं की आपण बोललो.

तो उठला. मोरीत जाऊन हात धुतले, तोंड धुतलं, तोंडावर जरा जास्तच वेळ पाणी मारलं. मग ताटावर येऊन बसला.

"वाढ पोरी," तो म्हणाला. "कवाची वाट बघून राहिली म्हणती."