आपोआप सांडलं

रेडिओवर रोज सकाळी ‘आजच्या दिवशी’ नावाचा एक छोटा कार्यक्रम लागतो. अमुक गाण्याला आज साठ वर्षं झाली, अमुक चित्रपट आजच पहिल्यांदा पडद्यावर आला, टीव्हीवरच्या तमुक मालिकेचा शेवटचा भाग आजच दाखवला होता. मला तो मुळीच आवडत नाही. ज्यांना जिवंतपणी कुणी हिंग लावून विचारलं नाही, त्यांची वर्षं मोजायला हे लोक बरे वेळेवर हजर असतात. तरी मी तो लावते, कारण आईच्या सकाळच्या सूपची तीच वेळ आहे आणि मागे काहीतरी बोलत असलं की ती जरा बरं खाते.

अर्धांगाचा झटका आल्यापासून आईची वाचा गेली आहे. तिला बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलंय, तुम्ही एकेक शब्द म्हणा, त्यांना मागून म्हणू द्या. मी म्हणते ‘पाणी’. ती म्हणते ‘पा’. मी म्हणते ‘चमचा’. ती खिडकीकडे बघते. मी काही सोशिक बाई नाही. थोड्या वेळानं माझा आवाज चढतो, तिचा हात थरथरतो, सूप चादरीवर सांडतं आणि मी तोंडाला येईल ते बोलते. “हिला काय कळतंय आता,” हे तर तिच्यासमोरच. मग चादर बदलते. हे आमचं रोजचं आहे.

त्या दिवशी चादर बदलत असतानाच रेडिओ केंद्रातून फोन आला. तिथली निर्माती बोलत होती, आवाजावरून माझ्या मुलीच्या वयाची. ‘चिमीचं घर’ला पन्नास वर्षं होताहेत, म्हणाली. त्याची एक जुनी टेप कपाटामागे सापडली आहे. ती वाजवून बघायची आहे, तुम्ही दोघी बहिणी याल का?

“दोघी कशाला?” मी विचारलं.

“टेपवर कोणाचा आवाज आहे ते ठरवायला हवं ना. आम्ही चिमी म्हणून नाव जाहीर करणार आहोत.”

मी चादर तशीच टाकून खाली बसले.

‘चिमीचं घर’ ही दर आठवड्याला लागणारी श्रुतिका होती. त्यातली चिमी म्हणजे घरातलं शेंडेफळ, सतत काहीतरी पाडणारं, सांडणारं. कुणी ओरडलं की ती म्हणायची, “मी काही केलं नाही. ते आपोआप सांडलं.” त्या वेळी हे वाक्य घरोघरी झालं होतं. दुकानात, शाळेत, कचेरीत, कुणाच्या हातून काही चुकलं की हेच. सुरुवातीला चिमी माझी ताई होती. एका वर्षानं तिचे पुढचे दात पडले, ‘सांडलं’ म्हणताना शिट्टी वाजायला लागली, आणि तिच्या जागी मला उभं केलं. मी तेव्हा पाच वर्षांची. पुढची तीन वर्षं चिमी मी होते. पण शेवटी कलाकारांची नावं सांगायचे ती टेप एकदाच भरून ठेवलेली होती, आणि ती पुन्हा भरायची तसदी कुणी घेतली नाही. त्यामुळे प्रत्येक भागानंतर नाव यायचं ते ताईचं. मी माईकसमोरून घरी यायचे आणि शेजारीपाजारी ताईचे गाल ओढायचे.

लहानपणी तिच्यावर राग नव्हता. राग नंतरचा. ताईनं कधी कुणाला ‘पुढची चिमी माझी बहीण’ असं सांगितलं नाही. मोठेपणी तिनं त्यावर आयुष्य काढलं. समारंभांना पाहुणी, शाळांमधून बक्षीस वाटायला, प्रत्येक ठिकाणी ते एक वाक्य म्हणायचं आणि टाळ्या घ्यायच्या. तिच्या नावाच्या पाटीवरसुद्धा खाली ‘चिमी’ लिहिलेलं आहे. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी बेल न वाजवताच परत फिरले. आईला वाचा होती तेव्हा मी तिला कितीदा विचारलं, “खरं सांग, चिमी कोण होतं?” ती म्हणायची, “होतं कुणीतरी. जेवायला बसा.” ताईची बाजू घेते म्हणून मी आईशीही धड बोलेनाशी झाले. आणि शेवटी सांभाळायची वेळ आली तेव्हा मात्र ती माझ्या गळ्यात. ताईचं घर म्हणे चौथ्या मजल्यावर आहे.

स्टुडिओत मी आधी पोचले. ताई मागून आली, केस काळेभोर करून, जणू तिचाच सत्कार होता.

“आई कशी आहे?” तिनं विचारलं.

“जिना उतरून आलीस तर दिसेल.”

निर्माती आमच्यामध्ये बसली होती, तिनं खुर्ची किंचित मागे घेतली. काचेपलीकडे एक तंत्रज्ञ जुन्या यंत्रावर टेप चढवत होता. डब्यावर ‘चिमी’ एवढंच लिहिलेलं होतं.

“बाकीच्या सगळ्या पुसल्या गेल्या,” निर्माती म्हणाली. “तेव्हा टेपा कमी असायच्या. एक कार्यक्रम झाला की त्याच टेपवर दुसरा भरायचे. ही एकच कशी राहिली कळत नाही.”

“माझीच असणार,” ताई म्हणाली. “पहिल्या वर्षाची. कुणीतरी जपून ठेवली असेल.”

“शिट्टी ऐकू आली की तुझी,” मी म्हटलं.

टेप सुरू झाली. आधी नुसती खरखर. मग अगदी जवळून, कुजबुजल्यासारखा एक बाईचा आवाज आला. “मी काही केलं नाही. ते... आपोआप सांडलं.” त्या ‘ते’नंतर जरा थांबणं, ‘आपोआप’मध्ये चोरून गिळलेलं हसू, सगळं तिथं होतं. चिमीच होती ती. फक्त आवाज मोठ्या बाईचा.

लगेच मागून एका पोरीचा सपाट आवाज आला. “मी काही केलं नाही ते आपोआप सांडलं.” पाढा म्हणावा तसा, ‘सांडलं’वर शिट्टी मारत.

“ही तू,” मी ताईला म्हणाले. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. “काय लाकूड होतीस गं.”

टेपवरच्या बाईनं पुन्हा म्हटलं. पोरीनं पुन्हा पाढा म्हटला. बाईनं आणखी हळू, आणखी गोड करून म्हटलं. चिरकं हसू, उसासा, चिमीची ती प्रसिद्ध उचकी, सगळं आधी बाईचं यायचं आणि मग पोरगी मोडकंतोडकं उचलायची. तो आवाज मी ओळखला होता. गेलं दीड वर्ष मी त्या आवाजाकडून ‘पाणी’ म्हणवून घेत होते.

तंत्रज्ञानं काचेपलीकडून सांगितलं, “हा कार्यक्रम नाही. कापलेले तुकडे आहेत. बघा ना, जागोजाग जोड आहेत. नको असलेला भाग ब्लेडनं कापून काढायचे, तो कुणीतरी एकत्र चिकटवून ठेवलाय. एवढे जोड असलेल्या टेपवर पुन्हा काही भरता येत नाही, म्हणून राहिली.”

नको असलेला भाग. तो कोण कापायचं हे मला आठवत होतं. कात्रीकाका म्हणायचो आम्ही त्यांना, खिशात गोळ्या असायच्या. आणि आई माईकच्या बाजूला एका बुटक्या स्टुलावर बसायची, हेही आठवत होतं. आम्हाला वाचता कुठं येत होतं नीट. ती कानात ओळ सांगायची, गुडघ्यावर दोन बोटं टेकवायची, की आम्ही बोलायचं. पण ओळ सांगणं म्हणजे शब्द पुरवणं, अशी माझी समजूत. जीव मी ओतत होते. पन्नास वर्षं मी हेच धरून बसले होते.

“पुढचा तुकडा,” तंत्रज्ञ म्हणाला.

पुन्हा आई. आणि मागून दुसरी पोरगी, नाक चोंदलेली, शिट्टी नसलेली. “मी काही केलं नाही. ते आपोआप सांडलं.” भिंतीवर डोकं आपटावं इतकं वाईट.

“ही तू,” ताई म्हणाली. तिनं ते अगदी चवीनं म्हटलं. निर्मातीला हसू आवरलं नाही.

टेप संपली. मग निर्मातीनं हळूच विचारलं, “त्या बाई कोण?”

ताईनं माझ्याकडे पाहिलं. ती लहानपणापासून अशीच पाहते, एखादी वस्तू मला द्यायची की नाही हे ठरवत असल्यासारखी. “हे वाजवायचं नाही,” ती निर्मातीला म्हणाली. “टेप खराब निघाली म्हणून सांगा. आणि नावं आमची दोघींची घ्या. पहिली चिमी मी, दुसरी ही. हिचं नाव आजवर राहून गेलं, आता घेतोय, असंही म्हणा. मी स्वतः येऊन सांगते.”

खोटं कशाला बोलू, मला ते हवं होतं. याच वाक्यासाठी मी आयुष्यभर दात खाल्ले होते, आणि ते ताईच्या तोंडून, तिसऱ्या माणसासमोर, न मागता मिळत होतं. मी ‘बरं’ म्हणायला तोंड उघडलंसुद्धा.

“आणि आई?” निर्मातीनं विचारलं. आमचे चेहरे बघून टेपवर कोण आहे ते एव्हाना तिलाही समजलं होतं.

“तिला काय कळतंय आता,” ताई म्हणाली.

माझंच वाक्य. रोज सकाळचं, चादर ओढतानाचं. ताईच्या तोंडून ते ऐकलं आणि कुणीतरी फाडकन थोबाडीत द्यावी तसं झालं. मला तिचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला, आणि माझा राग ताईवर काढायची मला जुनी सवय आहे.

“वाजवा,” मी निर्मातीला म्हणाले. “सगळं. आमच्या पाढ्यांसकट.”

“वेडी आहेस का?” ताई उभी राहिली. “लोक हसतील. पाटी काढावी लागेल मला. तुझंही नाव जाईल, कळतंय का? पोपट म्हणतील दोघींना.”

“पोपटच होतो.”

“माझी परवानगी नाही. मी लेखी देते, माझा आवाज वाजवायचा नाही.”

“तुमचा वगळता येईल,” निर्माती म्हणाली. पोरगी तिखट होती. “बाकी आवाज ज्यांचा आहे त्यांना विचारते.”

ताईनं पर्स उचलली. दारात थांबून मला म्हणाली, “तुला फक्त माझं काढून घ्यायचं होतं. स्वतःचं जळलं तरी चालेल.”

हे अगदीच खोटं नव्हतं.

निर्माती दुसऱ्या दिवशी घरी आली. आईसमोर बसून तिनं सावकाश, मोठ्यानं, बहिऱ्याशी बोलावं तसं विचारलं, तुमचा आवाज रेडिओवर लावू का? तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत आईनं मान डोलावली. मग माझ्याकडे पाहिलं, एवढं ओरडायला हिला काय झालंय, अशा नजरेनं.

कार्यक्रम लागला त्या सकाळी मी सूप नेहमीसारखं आणलं, नॅपकिन बांधला, रेडिओ मोठा केला. अमुक गाण्याला इतकी वर्षं, तमुक चित्रपटाला तितकी. मग ‘चिमीचं घर’. निवेदक म्हणाला, ही चिमी आपण सगळ्यांनी ऐकली आहे, पण हा आवाज कुणीही ऐकलेला नाही. खरखर झाली आणि आई बोलायला लागली. ताईचे पाढे वगळले होते. माझे होते, एकूण एक. शेवटी त्यानं नाव घेतलं, आईचं, पूर्ण. ते नाव मी आजवर फक्त दवाखान्यात ऐकलं होतं, नंबर आला की हाक मारतात तेव्हा.

फोन वाजायला लागला. ताईचा असणार. वाजू दिला.

आई चमचा हातात धरून ऐकत होती. हात थरथरला आणि सूप चादरीवर सांडलं. मी सवयीनं उठले, तोंड उघडलं.

“आपोआप,” आई म्हणाली.

अर्धवट नाही, ‘आ’ नाही. आख्खा शब्द, त्यात ते गिळलेलं हसूसुद्धा. मी पलंगावरच बसले. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे ‘शाब्बास’ म्हणाले. ते आईला मुळीच आवडलं नाही. तिनं चांगला हात पुढे केला, माझ्या गुडघ्यावर दोन बोटं टेकवली आणि वाट बघत बसली.

“मी काही केलं नाही,” मी म्हणाले. “ते आपोआप सांडलं.”

आईनं मान हलवली. नाही. पुन्हा बोटं टेकवली.

मी पुन्हा म्हटलं. या वेळी ‘ते’नंतर थांबले. तरी नाही. चादर ओली होती, सूप गार झालं होतं, फोन वाजून वाजून थांबला होता आणि माझ्या नाकातोंडातून पाणी वाहत होतं. आई माझ्याकडे बघत होती, न रागावता, न हसता, काम चालू असल्यासारखी. तिनं बोटं उचलली आणि परत टेकवली.

मी परत म्हटलं.