वेलिबोरच्या काठीनं मोजा!

मी एक काठी बोलतेय. परवापरवापर्यंत देसांकाच्या स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला टांगलेली. मला हळू बोल असं सांगू नका. दोन हिवाळे मी गप्प होते आणि त्या दोन हिवाळ्यांत या गल्लीतली माणसं अंगावर तीन-तीन गोधड्या घेऊन कुडकुडली. आता मी बोलणार, आणि रागानंच बोलणार.

पण आधी माझं कूळ सांगते, म्हणजे राग कुठून येतो ते कळेल.

मला घडवलं वेलिबोरनं, देसांकाच्या नवऱ्यानं. तिमोक नदीकाठच्या लाकडाच्या वखारीत तो मापाडी होता. डोंगरावरच्या एका चिवट फांदीला त्यानं वर्षभर सावलीत वाळवलं, तासलं, जवसाचं तेल पाजलं. खालच्या टोकाला पितळी शेंबी बसवली. दर दहा सेंटिमीटरला एक खाच पाडली. दोन खाचांमधल्या जागेला तो 'घर' म्हणायचा. माझ्या अंगावर अशी दहा घरं होती. बरोब्बर एक मीटर. केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही. माणसांना आपल्या रूपाचा गर्व असतो, मला माझ्या लांबीचा होता.

आमच्याकडे थंडीचं लाकूड किलोवर विकत नाहीत, मीटरवर विकतात. एक मीटर लांब ओंडके, एक मीटर उंच थप्पी, एक मीटर तिची लांबी. तो झाला एक मीटर. ऐकायला सरळ आहे. पण थप्पी रचणं ही चोरीची जुनी शाळा आहे. वाकडे ओंडके पोटात घालायचे, सरळ दर्शनी भागात. मधे अशी पोकळी ठेवायची की मांजर पिलांसकट आरपार जाईल. वेलिबोर थप्पीला बुटाची एक लाथ घालायचा आणि म्हणायचा, "हिला श्वास फार लागतोय रे. जरा दाबून रच."

गल्लीत कुणाकडेही लाकूड आलं की त्याला बोलावणं यायचं. मोजण्याआधी तो अंगठा माझ्यावरून फिरवायचा. एक, दोन, तीन... दहा. देसांका त्याला चिडवायची, "रोज काय मोजतोस तिला? एका दिवसात वाढते की काय?"

"वाढली तर चालेल गं," तो म्हणायचा. "कमी झाली तर गल्ली गारठेल."

आठ वर्षांपूर्वी वेलिबोर गेला. मग माझ्या नशिबी जे आलं ते कुठल्याही मापाच्या नशिबी येऊ नये. देसांकानं मला फेकलं नाही, ती चांगली बाई आहे. पण मापाचं काय करायचं हे तिला सुचलं नाही. माझ्या टोकानं कोबीच्या लोणच्याच्या पिंपात ढवळाढवळ झाली. पलंगाखालचं मांजर हुसकलं गेलं. घेवड्याच्या वेलाला मी एक उन्हाळा टेकू म्हणून उभी राहिले. तरी मला राग नव्हता. कामात असलेल्या म्हातारीसारखी मी कुरकुरत होते एवढंच.

राग आला तो स्तोयादिनमुळे.

स्तोयादिन म्हणजे आमच्या भागातला लाकूडवाला. तांबडा ट्रॅक्टर, गोड जीभ. तीन वर्षांपूर्वीच्या शरद ऋतूत तो लाकूड टाकायला आला, तेव्हा देसांका मला स्वयंपाकघराच्या खिडकीत अडकवायची खटपट करत होती. खिडकी वाऱ्यानं आपटायची, तिला टेकू हवा होता. आणि मी बसत नव्हते, हातभर नाही, बोटभरानं लांब होते.

"वहिनी, द्या इकडे," स्तोयादिन म्हणाला. "करवत चालूच आहे. दोन सेकंदांचं काम."

"बोटभर काढलंस तरी पुरे रे."

"बोटभर कशाला? खाचेवर कापतो, नीट दिसेल."

आणि दहावं घर गेलं. माझं शेवटचं घर. ते त्यानं स्वतःच्या हातानं चुलीत टाकलं, वर हसून म्हणाला, "घ्या, आजचं जळण फुकट!"

कापल्यावर त्यानं मला डोळ्यांसमोर आडवी धरली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मी तेव्हाच ओळखलं. तो टेकूकडे बघत नव्हता. तो मापाकडे बघत होता.

टेकू म्हणून मी आता आखूड पडले, खिडकी पुन्हा आपटायला लागली. देसांकानं मला परत खिळ्याला लावलं आणि विसरून गेली.

आता आमच्या माणसांची एक खोड सांगते, कारण सगळं तिथेच घडतं. घरी आलेल्याला आम्ही आधी बसवतो. चमचाभर फळांचा मुरांबा, वर पाणी, मग कॉफी, मग आलुबुखाराच्या दारूचा छोटा पेला. आणि ज्यानं आपल्या घरची दारू घेतली त्याच्यावर संशय घ्यायचा नाही. तो उठल्यावर त्याचा माल मोजायचा म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकणं. त्यामुळे लाकूडवाले आधी बसतात, मग ट्रॉली रिकामी करतात. अर्धी थंडी आमच्या लोकांनी अशी भिडेपायी सोसली आहे.

स्तोयादिननं पुढच्या वर्षीपासून याहून चलाख डाव टाकला. पेला खाली ठेवून तो स्वतःच छातीवर हात मारायचा, "माझ्यावर विश्वास ठेवू नका! मोजा! वेलिबोरच्या काठीनं मोजा!"

लोक भारावून जायचे. बघा, किती सरळ माणूस! आणि वेलिबोरची काठी म्हणजे काय, गल्लीला देव्हाऱ्यातल्या मूर्तीसारखी. सगळे मला मागून न्यायचे. गल्लीच्या टोकाची ग्रोझदाना न्यायची, कुंपणापलीकडची विदोसावा न्यायची, कोपऱ्यावरचा पांगळा शिक्षकही न्यायचा. नेऊन मोजायचे आणि लाकूड बरोब्बर भरायचं! का नाही भरणार? त्यानं ओंडकेच माझ्या नव्या लांबीचे कापले होते. ओंडक्यात एक घर गेलं, उंचीत एक गेलं, लांबीत प्रत्येक मीटरमागे एक गेलं. चार मीटरचे पैसे घेऊन तो तीन मीटरही लाकूड टाकत नव्हता. आणि साक्षीला कोण? मी. वेलिबोरची लेक म्हणा हवं तर.

त्यात भाव बघा. वेलिबोर होता तेव्हा मीटरला तीन हजार दिनार. आता साडेनऊ हजार. देसांकाची पेन्शन चोवीस हजार. म्हणजे दीड महिना बाईनं न जेवता बसावं तेव्हा हिवाळ्याचं लाकूड.

गेल्या वर्षी मार्च लागताच तिचं लाकूड संपलं. तिनं कोंबड्यांची जाळीची चौकट जाळली, मग अंगणातला बाक जाळला. व्हिएन्नात असलेल्या मुलाला, झ्द्राव्कोला, ते कळलं. तो फोनवर ओरडला, "आई, बास झालं! या वर्षी लाकूड वसंतापर्यंत पुरलं नाही तर मी गाडी घेऊन येणार, तुला नेणार आणि घर विकणार."

"पुरेल रे."

"पुरलं नाही तर?"

"नाही पुरलं तर येईन," देसांका म्हणाली. तिचा शब्द म्हणजे शब्द. हे घर, परसातली द्राक्षवेल, टेकडीवरची वेलिबोरची कबर, सगळं त्या थप्पीवर येऊन टेकलं.

सप्टेंबरात स्तोयादिन आला. मुरांबा झाला, कॉफी झाली. कुंपणावरून विदोसावानं मान काढली. ती शेजारीण. तिच्या मानेला मी नेहमी हसते, पण त्या मानेइतकी माणुसकी गल्लीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

"काय हो स्तोयादिन, या वर्षी ओंडके बुटके दिसतात. शाळेत जातात वाटतं अजून?"

"विदोसावाबाई, तुमच्या जिभेपेक्षा सगळंच बुटकं दिसणार. या, मोजा! वेलिबोरच्या काठीनं मोजा!"

"मोजतेच!" म्हणत ती आत आली, मला खिळ्यावरून ओढलं. देसांका लाजेनं लाल झाली. "अगं, असू दे गं. पाहुणा आहे."

"पाहुणा ना? मग पाहुण्याला घाबरायचं काय कारण?"

विदोसावानं मला ओंडक्याला लावलं. बरोबर. उंचीला लावलं. बरोबर. थप्पीच्या लांबीवरून एक, दोन, तीन, चार वेळा उलटवलं. बरोबर, वर दोन बोटं जास्त!

मी तिच्या मुठीत ओरडत होते, अगं बाई, मला मोज! मला! नऊच घरं आहेत, फिरव अंगठा! पण लाकडाचा आवाज लाकडालाच ऐकू येतो. विदोसावाचा चेहरा पडला. तिला माफी मागावी लागली, वर स्तोयादिनसोबत पेला घ्यावा लागला. तो मिशा पुसत म्हणाला, "गेलेल्या माणसाची काठी खोटं बोलत नाही, बाई."

त्या क्षणी मी चुलीत जायला तयार होते.

ग्रोझदानाचं लाकूड डिसेंबरातच संपलं. बहात्तर वर्षांची बाई, छातीचं दुखणं. लेक येऊन तिला घेऊन गेली. गल्लीच्या टोकाला तिचं धुराडं तेव्हापासून थंड आहे. लोक म्हणाले, या वर्षी थंडीच फार. लोकांना थंडीला दोष देणं सोपं जातं, थंडी उलटून बोलत नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात देसांकाच्या पडवीत दोन टोपल्या लाकूड उरलं. तिनं स्वतःच मुलाला फोन केला. "ये बाबा. मी हरले."

मग ती सामान बांधायला बसली. विदोसावा मदतीला आली होती आणि मदत कमी, रडणं जास्त करत होती. देसांकानं मला खाली काढलं. "ही मात्र नेणार मी. वेलिबोरची आठवण म्हणून." फडक्यानं नव्हे, वेलिबोरच्या जुन्या मफलरनं तिनं मला पुसलं. आणि पुसता पुसता, तो करायचा तसा तिचा अंगठा माझ्यावरून फिरला. सहज. त्याची आठवण काढत.

"एक, दोन, तीन..." नऊवर अंगठा हवेत गेला.

तिनं पुन्हा मोजलं. मग मला उलटं धरून मोजलं. मग कापलेल्या टोकावर तिनं बोट दाबून धरलं आणि विदोसावाचं रडणं थांबलं.

"काय झालं गं?"

"विदोसावा," देसांका म्हणाली, "आज तारीख काय?"

"चौदा. संत त्रिफुनचा दिवस. का?"

"स्तोयादिनच्या घराण्याचा संत तोच ना? कोट घाल."

आमच्याकडे घराण्याच्या संताच्या दिवशी त्या घरचं दार उघडं असतं. आमंत्रण कुणाला देत नाहीत आणि आलेल्याला कुणी बाहेर काढत नाही. स्तोयादिनच्या बैठकीत वीस-पंचवीस माणसं जेवत होती. घर कसलं गरम! माणसं सदऱ्याच्या बाह्या सरसावून बसली होती. मला त्या उबेची किळस आली. ते आमचं लाकूड जळत होतं.

"या वहिनी, या!" स्तोयादिन उठला. त्याच्या बायकोनं शिजवलेल्या गव्हाचं ताट पुढे केलं, कॉफी आणली.

देसांका बसली नाही. ताटाला हात लावला नाही. अख्खी बैठक वळून बघायला लागली, कारण सणाच्या घरी न बसणं म्हणजे यजमानाचं अन्न नाकारणं.

"आधी मोजू," ती म्हणाली. "मग कॉफी."

आणि तिनं मला टेबलावर आडवं ठेवलं, भाजलेल्या डुकराच्या शेजारी. "इथे कुणाकडे मोजपट्टी आहे?"

पाहुण्यांत एक सुतार होता. सुताराच्या खिशात घडीची पट्टी सणालाही असते. त्यानं ती उघडून माझ्याशेजारी ठेवली, चष्मा वर केला, आणि हळूच म्हणाला, "नव्वद."

"नव्वद काय?" कोपऱ्यातले एक म्हातारे काका ओरडले.

"नव्वद सेंटिमीटर. ही मीटर नाही."

स्तोयादिन हसला, पण हसू ओठांवर बसेना. "वहिनी, तुम्हीच कापायला सांगितली होती की! खिडकीसाठी!"

"हो. मीच सांगितली. बोटभर, खिडकीसाठी." देसांकाचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच भीती वाटत होती. "आणि ओरडून 'मोजा, मोजा' कुणी सांगितलं? खिडकीनं?"

"दोन हिवाळे!" विदोसावा मात्र चढली. "माझ्याकडून माफी मागवलीस, मेल्या! वर पेला पाजलास!"

तेवढ्यात सुतार उठला. त्यानंही लाकूड स्तोयादिनकडूनच घेतलं होतं, वेलिबोरची काठी मागून आणून. त्यानं आपला पेला उपडा ठेवला. मग दुसऱ्यानं ठेवला. स्तोयादिनच्या बायकोनं कॉफीचा ट्रे परत आत नेला. ती नवऱ्याकडे बघत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडा ट्रॅक्टर गल्लीत आला. दारोदार लाकूड पडलं. स्तोयादिन ट्रॅक्टरवरून उतरला नाही, कुणी त्याला बसा म्हणालंही नाही. दुपारी झ्द्राव्को व्हिएन्नाहून पोचला तर आई अंगणात ओंडके रचत होती. "गाडी मागे लाव," ती म्हणाली, "आणि हातमोजे घाल. दाबून रच हं, श्वास लागता कामा नये." चार दिवस लाकूड रचून तो एकटाच परत गेला.

तुम्ही म्हणाल, चला, गोड शेवट झाला. कसला गोड! ग्रोझदानाच्या फाटकाशीही तिच्या वाटणीचं लाकूड पडलंय. त्यावर बर्फ पडून गेला, आता शेवाळ धरतंय. उचलायला ती आहे कुठे? लेकीकडून जानेवारीत निरोप आला होता, घर विकायला काढा म्हणून. त्या तेवढ्या लाकडासाठी तिचं घर सुटलं.

माझं दहावं घर परत आलेलं नाही. सुतार म्हणाला, "जोडून देतो." देसांकानं नको म्हटलं. तिनं माझ्या कापलेल्या टोकाला लाल रंग फासला आणि दारामागून काढून मला दाराबाहेर, रस्त्याकडे तोंड करून टांगलं. येणारा-जाणारा विचारतो. विदोसावा कुंपणावरून सगळ्यांना सांगते, न विचारणाऱ्यांनाही.

आणि मी सांगते तुम्हाला. मला देव्हाऱ्यात बसवू नका. ज्यानं मला घडवलं त्याचा माझ्यावर इतका जीव होता, तरी तो रोज माझी दहा घरं मोजायचा. तुम्ही त्याचं नाव तेवढं लक्षात ठेवलंत आणि अंगठा विसरलात. कुणी छातीवर हात मारून मोजा म्हणालं, तर लाकडाला हात लावू नका. आधी काठी मोजा. पाहुणा रागावेल? रागावू दे. कॉफी निवेल? निवू दे. पुन्हा गरम करता येते.

ग्रोझदानाचं धुराडं पुन्हा गरम करता येत नाही.