मोलकरणीचं प्रवचन

"डोळे आणखी गरगर फिरव, लुवी! लोक हसून हसून लोळले पाहिजेत," दिग्दर्शक हार्लनसाहेब खुर्चीतून ओरडला.

लुवीनिया प्रूइटने एप्रन सारखा केला. मूकपटांपासून वीस वर्षं हॉलिवूडच्या पडद्यावर तिने दुसऱ्यांचे दरवाजे उघडले, दुसऱ्यांची पोरं झोपवली. आज पहिल्यांदाच पुरा प्रसंग वाट्याला आला होता. मालकिणीच्या थडग्यापाशी मोलकरीण गाऊन प्रवचन करते. साहेबाला ते विनोदी हवं होतं. आणि शोक करायला स्टुडिओने बस भरून आणलेली मंडळी नेमकी तिच्याच चर्चची, सेंट्रल ॲव्हेन्यूवरच्या काळ्या वस्तीतली. तिथे तिचे वडील हयातभर असंच गात प्रवचन करत आले होते.

तिने डोळे फिरवले, आवाज चिरका काढला. मंडळी गप्प.

"अरे, आमेन म्हणा ना!" साहेब खेकसला.

पुढे उभी असलेली म्हातारी ओझेला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साहेब, आमेन सांगून येत नाही, ते आतून यावं लागतं. आणि सिस्टर लुवीनिया, तुझा बाप असा गायला असता ना, तर अर्धं चर्च उठून मेथडिस्ट पंथाच्या चर्चकडे पळालं असतं!"

मंडळी खुसखुसली. लुवीनियाला ते काळजात लागलं. साहेबाचं ऐकलं नाही तर काम हातचं जाणार. ऐकलं तर रविवारी कुठल्या तोंडाने बाकावर बसायचं?

"पुन्हा!"

तिने डोळे मिटले. वडील मरणाच्या नदीबद्दल गात तसा खालचा सूर लावला, ओळीगणिक श्वास टाकत.

"पाणी गार आहे, बायांनो..."

"सांग, सिस्टर!" ओझेला गरजली.

"...पण पलीकडे माझ्या बापाचं घर आहे!"

सगळ्यांचा आमेन एकदम उसळला. दिवे धरणाऱ्यांनी टोप्या काढल्या.

"कुणाला हसू आलं नाही," साहेब कुरकुरला.

"नाहीच यायचं, साहेब."

"पुढच्या चित्रात तुला घेणं कठीण आहे, लुवी."

तिने एप्रन सोडून घडी घातली. "हा स्टुडिओचाच आहे. दुसरीला होईल."

चित्र लागलं तेव्हा अख्खं चर्च थिएटरात लोटलं. "पाणी गार आहे, बायांनो..." पडद्यावरची लुवीनिया गायली, आणि तिथेच कात्री. लगेच नायिकेचा रडवेला चेहरा.

अंधारातून ओझेलाचा फाटका आवाज उठला, "...पण पलीकडे माझ्या बापाचं घर आहे!" सगळं थिएटर उभं राहून गाऊ लागलं. नायिकेचे ओठ नुसतेच हलत राहिले.

प्रवचन संपलं की मंडळी उठते आणि सांगणारा बसतो, ही त्यांच्या चर्चची रीत. शेवटच्या रांगेत लुवीनिया एकटीच, पाठ ताठ ठेवून, बसून राहिली.