हिरव्या टिकलीच्या वर

फोन लागला!

पडद्यावर आधी नुसता पांढरा उजेड, मग संयोगिताचं लालेलाल नाक. आपली पोरगी औलीच्या बर्फात, राष्ट्रीय स्कीइंगच्या शर्यतीत! शुक्रवार पेठेतल्या स्वयंपाकघरात पूर्णिमानं फोन तेलाच्या बरणीला टेकवून उभा केला. सासूबाई चिमणाबाई स्टूल ओढून अगदी पुढ्यात बसल्या.

"आई, तासाभरानं माझा नंबर," संयोगिता म्हणाली, आणि खोकली.

एकदाच. पण पूर्णिमाचं लाटणं थांबलं. पोरगी चार वर्षांची असल्यापासून दम्याची ती बारीक शिट्टी तिनं उशाशी बसून ऐकली होती.

"थंडीनं?"

"न्हाय गं, पप्पांनी खोलीत..."

फोन तुटला.

फोन लागला. आता विजयसिंह. पोरीच्या दम्यावर लक्ष ठेवायला म्हणून सोबत धाडलेला बाप. हातात सांडशी, डोळ्यांत पाणी.

"काय केलंसा तुम्ही?"

"काय न्हाय गं. हितलं जेवण निव्वळ मिळमिळीत. म्हटलं, शर्यतीच्या दिवशी पोरगीला जरा झणझणीत झुणका..."

"खिडक्या लावून फोडणी?"

"भाईर बर्फ हाय की!"

"पावणं," चिमणाबाई आपल्याच लेकाला म्हणाल्या, "राखण करायला गेलायसा, का धुरी द्यायला?"

"तिला त्या खोलीतनं बाहेर काढा," पूर्णिमा ओरडली. "मफलर तोंडावर. दम्याचा निळा पंप नळकांड्यातून ओढू दे. मग शांत बसायचं, मग मीटर!"

मीटर म्हणजे फुंकायचं. जोरात फुंकलं की काटा वर सरकतो. डॉक्टरांनी दाखवलेल्या दोन जागांवर पूर्णिमानं आपल्या टिकल्या चिकटवल्या होत्या. काटा हिरवीच्या वर, तर खेळायचं. लालच्या खाली, तर तडक डोंगर उतरून दवाखाना. मध्ये असला तर पंप, विसावा, पुन्हा फुंकायचं. तरी मध्येच राहिला तर शर्यत सोडायची.

सोडायची! हेच पोरीला पचत नव्हतं. दिवाळीत पन्हाळ्याच्या रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव करताना दम्यानं छाती भरली होती. तरी ती 'हिरवं हाय' म्हणाली, आणि ती रात्र ऑक्सिजनच्या मास्कमध्ये गेली.

फोन

लागला. चित्र गोठलेलं, आवाज चालू.

"मीटर दाखव."

"दाखवतोय की!"

पडद्यावर नुसता धुरकट ठिपका. हिरवा का लाल, काही कळेना. तिकडं भोंग्यावरून नंबर पुकारत होते. पूर्णिमाच्या लक्षात आलं, आता पोरगी म्हणेल तेच खरं.

"आई..."

"बोल."

"हिरव्याच्या खाली हाय."

पूर्णिमानं ओट्याची कड धरली.

"शर्यतीच्या सरांना सांगितलं. सगळ्यांच्या मागनं सोडतो म्हणालेत. तोवर बसतो. काटा न्हायच चढला, तर माघारी येतो. रडीन, पण येतो."

फोन तुटला.

"लाव की गं!"

"लागंना, आत्ती!"

तव्यावरची पोळी करपली. दुसरी टाकली, तीही करपली. पूर्णिमाला रडू येत होतं आणि हसूही. पोरगी खरं बोलली होती! आता शर्यत झाली काय, न झाली काय... छे, व्हायलाच पाहिजे!

टिंग.

फोटो. पांढऱ्या बर्फावर मीटर. काटा टिकलीच्या वर. हिरव्या! बोटभर वर! खाली लिहिलेलं: पंप आतल्या खिशात, अंगाशी गरम. मफलर वर. चाललो.

"सुटली, आत्ती!"

इथून काहीच दिसत नव्हतं. तरी पूर्णिमा ओट्याशी उभी राहून झुकत होती,

डावीकडं,

            उजवीकडं,

      झेंडा,

                  वळण, नाकानं श्वास घे बाई,

            उतार, उतार, उतार

फोन लागला!

पडदा काळा. नुसत्या धापा. पूर्णिमानं गॅस बंद केला, सासूला हातानंच गप्प केलं, फोन कानाशी दाबला. मोठ्या, मोकळ्या धापा. शिट्टी? पुन्हा ऐकलं.

न्हाय!

"आई! शेवटून तिसरी! पण एकदाबी पडलो न्हाय!"

चिमणाबाई एवढ्यात दारात पोचल्याही होत्या आणि साऱ्या पेठेला ओरडून सांगत होत्या. मागून विजयसिंहचा पडलेला आवाज आला, "झुणका बर्फात पुरलाय बरं का."

"ऱ्हाऊ दे तिथंच!" पूर्णिमा ओरडली. "कढईसकट!"