डोळा स्वच्छ ठेवा

"दाखवा बरं, थेंब कसे टाकता ते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जानरावांना तेच हवं होतं. अकोल्याच्या या डोळ्यांच्या दवाखान्यात चार महिने चकरा मारल्या, पण त्यांचं काम बघायला कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी बायकोला, वच्छलाबाईंना, स्टुलावर बसवलं. साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक औषधाची, दुसरी बार्शीटाकळीहून आणलेल्या पाण्याची. मग शेवंतीच्या कोवळ्या रोपाला सोडावं तसं ओंजळीतलं पाणी त्यांनी वच्छलाबाईंच्या उघड्या डोळ्यावर हळूच सोडलं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचं मनगटच धरलं.

"हे काय करताय?"

"डोया धुतो जी. मंग औषध टाकतो. तुमीच सांगतलं होतं, डोया स्वच्छ ठेवा."

"कुठलं पाणी हे?"

"वावरातल्या टाक्यातलं. हिरीचं हाय. फुलाईवर बी तेच मारतो आमी." आणि मग अभिमानानं, "एक बी येळ चुकवली नाई, म्याडम."

डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या.

त्याच टाक्यापासून सगळं सुरू झालं होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी झेंडू तोडताना एक वाळकी काडी वच्छलाबाईंच्या डाव्या डोळ्यात गेली. टाक्यातलं पाणी मारून त्या पुन्हा तोडायला लागल्या. दसऱ्याच्या तोंडावर डोळा चोळत बसायला फुलवाल्याच्या घरात कुणाला वेळ असतो? मेडिकलवाल्यानं दिलेल्या थेंबांनी लाली उतरली आणि ठणका वाढला. बुबुळावर पांढरं आलं. गाव म्हणालं, डोळ्यात फूल पडलं. "जलमभर तोडले, आता डोयातच उगवलं," असं म्हणून वच्छलाबाई स्वतःच हसल्या होत्या. अमरावतीच्या डॉक्टरांनी बुरशी समजून दीड महिना औषध दिलं. शेवटी अकोल्यात बुबुळ खरवडून तपासलं, तेव्हा कळलं की हा अमिबा आहे.

"पाण्यात, मातीत राहणारा जीव आहे," डॉक्टरीणबाईंनी तेव्हा समजावलं होतं. "औषध पडलं की कवच करून आत दडून बसतो. दर तासाला थेंब टाकायचे. महिनोन्‌महिने."

"म्हंजे लव्हाळ्यावानी," जानराव म्हणाले होते. "वरून कितीक उपटा, खाली गाठ राह्यतेच."

लव्हाळ्याशी उभा जन्म झगडलेला माणूस. त्यांनी मोबाइलवर तासातासाचा गजर लावला. तोडणी बाजूला ठेवली, मुलीकडचं बारसं सोडलं. गजर वाजला की साबण, पाणी आणि मग थेंब. आणि प्रत्येक वेळी त्याच ओंजळीतून ते नवा जीव डोळ्यात सोडत होते.

डॉक्टरीणबाईंनी आज हे सांगितलं तेव्हा जानराव स्वतःच्या तळहातांकडे बघत राहिले.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "नुसतं स्वच्छ म्हणून भागत नव्हतं. पाणी लावू नका, असं मी सांगायला हवं होतं."

"त्याईले काई म्हनू नका, बाई," वच्छलाबाई मध्येच बोलल्या. "मीच म्हनत होती, धुवा म्हनून. गार वाटे."

परतीच्या एसटीत अर्धा रस्ता सरल्यावर जानरावांनी विचारलं,

"पानी खरंच गार लागे काय व तुले?"

वच्छलाबाईंनी पदर सारखा केला. "झोंबे. मिरची गेल्यावानी."

"मंग बोलली काहून नाई?"

"तुमी येवढं मन लावून करत होते."

जानरावांना रडू आलं. भर एसटीत, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्यांनी टोपी तोंडावर धरली.

त्यानंतर पाण्याचा थेंब डोळ्याला लागू दिला नाही. पण उशीर झाला होता. जूनमध्ये डॉक्टरीणबाईंनी बॅटरी डोळ्यासमोर धरून तीनदा विचारलं, उजेड दिसतो का. वच्छलाबाई तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. ठणका गेला होता आणि त्याच्याबरोबर उजेडही. औषध बंद झालं.

दुसऱ्या दिवशी वच्छलाबाई ओसरीवर हार ओवत बसल्या होत्या. फुलांची टोपली त्यांनी उजव्या हाताला सरकवून घेतली होती. दहाचा गजर वाजला. तो बंद करायचा राहूनच गेला होता. जानराव उठले, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले आणि ओले हात वर धरून बायकोसमोर येऊन उभे राहिले. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं.

"आता टाकाचं नाई, नाई का," ते म्हणाले.

"नाई."

पण गजर ऐकून वच्छलाबाईंनी सुईदोरा मांडीवर ठेवला होता, मान मागे टाकली होती, आणि एका बोटानं डावी पापणी वर धरली होती. त्यांनी ती तशीच धरून ठेवली, जानरावांचे हात वाळेपर्यंत.