वाढलं

दहिवलीच्या लॅबमध्ये सुरभीचा हात हलका, म्हणून म्हातारी माणसं रक्त तिच्याकडूनच काढून घ्यायची. बोलण्यात मात्र बाई घाईची. त्या घाईनेच घात केला.

भिवपुरीकडचे सहदेव सत्तरीचे शेतकरी. चार पावलं चालले की पोटरी आवळायची, थांबले की सुटायची. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पायाची शीर तुंबल्याचा संशय होता. पायाला रक्त पोचलं नाही की तिथला स्नायू उपाशी राहतो आणि त्याची खूण रक्तात उतरते. ती वाढलेली निघाली तर पेशंटला त्याच दिवशी बोलव, असं त्यांनी सुरभीला बजावलं होतं. आकडा दुप्पट निघाला. तिने लगेच फोन लावला. तो उचलला सहदेवांच्या बायकोने, बायजाने.

"मावशी, काकांचं रक्तातलं वाढलंय. डॉक्टरांना भेटून घ्या," एवढं सांगून सुरभीने फोन ठेवला. बाहेर चौघं खोळंबली होती.

इथे ध चा मा कुणी केला नाही. 'वाढलं' हा शब्द जसाच्या तसा पोचला. पण बायजा दोन महिने नवऱ्याला बीट, नाचणी, गूळ-शेंगदाणे चारत होती, आणि रक्त वाढलं म्हणजे माणूस सुधारला, हे गावात कुणालाही विचारा. तिने देवीला नारळ फोडला. डॉक्टरांना काय, भात झोडून झाला की सवडीने भेटू.

नवव्या दिवशी दोघं टेंपोने आली, तेव्हा सहदेवांच्या पायाची बोटं काळी पडली होती. पाय गुडघ्याखालून काढावा लागेल, म्हणत डॉक्टरांनी पनवेलच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहिली. फोन गेला नव्हता का, असं त्यांनी विचारलं. रिपोर्ट घेऊन दारात उभ्या असलेल्या सुरभीने बायजाचं उत्तर ऐकलं.

"आला व्हता की. रक्त वाढलं म्हनली बाय."

सुरभीला आपली चूक कळली. अजून दोन वाक्यं बोलली असती तर पाय वाचला असता. ती लॅबमध्ये परतली. थोड्या वेळाने नवऱ्याला धरून बायजा तिथेच आली.

"बाय, येकदा परत काढ रक्त. आता आजून वाढलं आसंल. त्यो कागद दाव डाक्टरांना, मंग नाय कापायचे पाय."

सहदेवांनी बाही वर केली होती. सुरभीने त्यांच्या दंडाला पट्टा बांधला. खरं सांगायची तिची छाती झाली नाही.